शोधगंगा : परिशिष्टाच्या घाटाने उतरावे

गेली अकरा वर्षे मी तालुक्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गाला व्यवस्थापन माहिती प्रणाली हा विषय शिकवते आणि त्यातली अलीकडची काही वर्षे पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना विषयनिवडीपासून प्रबंध सादर होईपर्यंत सोबत करते. या कामात जिच्यावाचून माझे पान हलत नाही, त्या शोधगंगा या सेवेचे हे परीक्षण आहे. ते सर्व विषयांच्या अंगाने केलेले नाही. बँका, पतसंस्था, साखर कारखाने, लघुउद्योग, शाळा आणि महाविद्यालये यांनी संगणकीय माहिती प्रणाली कशा स्वीकारल्या, यावर आपल्या विद्यापीठांत झालेले संशोधन शोधायला आणि वाचायला ही सेवा कितपत उपयोगी पडते, एवढाच प्रश्न मी येथे घेतला आहे.

शोधगंगा म्हणजे भारतीय विद्यापीठांत मान्य झालेल्या पीएच.डी. प्रबंधांचे खुले भांडार. ते गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र चालवते. या केंद्राची मुळे मात्र पुण्यात आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये ग्रंथालये एकमेकांना जोडण्याचा हा प्रकल्प पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राच्या छत्राखाली सुरू केला आणि १९९६ मध्ये त्याला स्वतंत्र आंतरविद्यापीठ केंद्राचा दर्जा मिळाला. प्रबंध संगणकावर आणण्याचा विचारही शोधगंगेच्या आधीचा आहे, कारण म्हैसूर विद्यापीठात २००० सालीच ‘विद्यानिधी’ नावाने तसा प्रयोग सुरू झाला होता. परंतु प्रयोग आणि व्यवस्था यांत जो फरक असतो, तो आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी घडवला. प्रबंध मान्य झाल्यावर त्याची संगणकीय प्रत इन्फ्लिबनेटकडे पाठवणे त्या विनियमांनी विद्यापीठांवर बंधनकारक केले. तोपर्यंत एखादा प्रबंध वाचायचा म्हणजे त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जायचे, परवानगीचा अर्ज द्यायचा, आणि मिळाला तर तिथेच बसून वहीत टिपणे काढायची, असा रिवाज होता. आज येथे पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत आणि ते वाचायला पैसे पडत नाहीत.

आता प्रत्यक्ष वापराकडे येते. माहिती प्रणालींच्या अभ्यासकाला पहिला अडथळा शोधाच्या चौकटीतच भेटतो. आपल्या विद्यापीठांत या विषयाला स्वतःचे घर नाही. तोच विषय वाणिज्य व व्यवस्थापन विभागात ‘संगणकीकरणाचा परिणाम’ म्हणून येतो, संगणकशास्त्रात ‘प्रणालीची रचना’ म्हणून येतो, ग्रंथालय व माहितीशास्त्रात ‘वापरकर्त्यांचे समाधान’ म्हणून येतो आणि शिक्षणशास्त्रात ‘माहिती तंत्रज्ञानाविषयी शिक्षकांची अभिवृत्ती’ या नावाने येतो. शोधगंगेवरची मांडणी विद्यापीठ आणि विभाग यांच्या उतरंडीची असल्यामुळे विभागावरून शोधत गेलो तर चार वेगवेगळ्या दारांवर थाप मारावी लागते. उलट नुसते ‘इन्फर्मेशन सिस्टिम’ एवढेच शब्द टाकले तर भूगोलाच्या विभागांतले, ‘जिओग्राफिक इन्फर्मेशन सिस्टिम’ ही संगणकीय नकाशांची प्रणाली वापरून पाणलोट क्षेत्रांचा अभ्यास केलेले प्रबंध पुढ्यात येतात. माझा एक विद्यार्थी अशा यादीची तीन पाने उतरवून घेऊन आला होता आणि नदीखोऱ्यांचा आपल्या नागरी सहकारी बँकांशी काय संबंध असावा, असे त्याने फार गंभीरपणे विचारले होते.

यावर मी शोधलेला उपाय साधा आहे. विषयाचे नाव बाजूला ठेवावे आणि संस्थेचे नाव टाकावे. ‘नागरी सहकारी बँक’, ‘साखर कारखाना’, ‘पतसंस्था’, ‘अभियांत्रिकी महाविद्यालय’ असे शब्द इंग्रजीत टाकून त्यांना ‘कोअर बँकिंग’ (बँकेच्या सर्व शाखांची खाती जोडणारी प्रणाली), ‘ईआरपी’ (संस्थेचे सगळे कामकाज एकत्र सांभाळणारी प्रणाली), ‘एमआयएस’ (व्यवस्थापन माहिती प्रणाली), ‘ई-गव्हर्नन्स’ यांपैकी एकेक शब्द जोडावा, आणि मग विद्यापीठाची चाळणी लावावी. एक चांगला प्रबंध हाती लागला की त्याच्या नोंदीतील मार्गदर्शकाचे नाव घेऊन पुन्हा शोधावे, कारण आपल्याकडे मार्गदर्शकाभोवती विषयांची एक कुळी तयार होते आणि एकाच खोलीत बसून झालेले चार-पाच प्रबंध अशा रीतीने एकदम सापडतात. नोंदीतले तपशील ज्या त्या विद्यापीठाकडून भरले जात असल्यामुळे नावांचे लेखन सर्वत्र सारखे नसते. आडनाव आधी की नाव आधी, वडिलांचे नाव पूर्ण की आद्याक्षर, या दोन्ही वाटा तपासून पाहाव्यात. पुण्याच्या विद्यापीठाचे नाव २०१४ मध्ये बदलले, त्यामुळे जुन्या प्रबंधांच्या मुखपृष्ठावर एक नाव आणि आजच्या बोलण्यात दुसरे नाव, हेही नव्या संशोधकाला सांगावे लागते.

प्रबंध सापडला की तो एकसंध पुस्तकासारखा उघडत नाही. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका, प्रकरण पहिले, दुसरे, असे करत परिशिष्ट आणि संदर्भसूची यांपर्यंत प्रत्येकाची वेगळी पीडीएफ फाइल असते, आणि सर्वांत शेवटी ‘८०’ हा आकडा दिलेली शिफारशींची फाइल असते. या तुकड्यांबद्दल पुष्कळजण कुरकुर करतात, आणि ज्याला सगळा प्रबंध उतरवून घ्यायचा आहे त्याची कुरकुर रास्तही आहे. माझे मत मात्र वापरता वापरता उलटे झाले. माहिती प्रणालींवरच्या प्रबंधाचे सर्व भाग सारख्या मोलाचे नसतात, आणि नेमका मोलाचा भाग एकटा उचलण्याची सोय या तुकड्यांमुळेच मिळते. तो भाग म्हणजे परिशिष्ट. या लेखात मला जे सांगायचे आहे ते एवढेच असल्यामुळे त्याचे कारण जरा सविस्तर देते.

आपल्या विद्यापीठांतील या विषयाचे प्रबंध ओळीने वीस-पंचवीस वाचले की एक साचा ध्यानात येतो. दुसऱ्या प्रकरणात फ्रेड डेव्हिस यांचे तंत्रज्ञान स्वीकृतीचे प्रतिमान येते (प्रणाली उपयुक्त आणि सोपी वाटली की माणूस ती स्वीकारतो, असे ते सांगते), त्यानंतर बहुधा माहिती प्रणालीचे यश मोजणारे डिलोन आणि मॅक्लीन यांचे प्रतिमान, म्हणजे १९९२ ची सहा घटकांची आवृत्ती आणि सेवेचा दर्जा व निव्वळ लाभ हे घटक घेऊन आलेली २००३ ची सुधारित आवृत्ती. मग पाच पर्यायांची प्रश्नावली, क्रॉनबॅक अल्फा हे प्रश्नावलीच्या विश्वसनीयतेचे माप ०.७ च्या वर असल्याचा निर्वाळा, ‘एसपीएसएस’ या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमधून काढलेली कोष्टके आणि शेवटी ‘प्रणालीची उपयुक्तता व सुलभता यांचा स्वीकृतीवर सकारात्मक परिणाम होतो’ असा निष्कर्ष. डेव्हिस यांचा १९८९ चा गाजलेला लेख ज्या माहितीवर उभा आहे ती आयबीएमच्या टोरांटो येथील प्रयोगशाळेतील ११२ कर्मचारी आणि बॉस्टन विद्यापीठातील एमबीएचे ४० विद्यार्थी यांच्याकडून आली होती. टोरांटोच्या त्या कर्मचाऱ्यांना विचारले होते ते ई-मेल आणि एका मजकूर-संपादकाविषयी, म्हणजे माणूस आपल्या मर्जीने कमी-जास्त वापरू शकेल अशा साधनांविषयी.

आमच्याकडच्या शिक्षकाला किंवा कारकुनाला ही मर्जी कुठे असते? महाराष्ट्रातील शाळांत २०१५ मध्ये ‘सरल’ ही शालेय माहितीची शासकीय संगणकीय प्रणाली आली तेव्हा विद्यार्थ्यांची माहिती भरायची की नाही असा पर्याय मुख्याध्यापकांपुढे नव्हता. भरायची होतीच, प्रश्न फक्त रात्री किती वाजता सर्व्हर मोकळा मिळेल एवढाच होता. महाविद्यालयात प्राचार्यांचे परिपत्रक निघते की उद्यापासून हजेरी ईआरपीवरच घेतली जाईल, आणि त्यानंतर ‘ही प्रणाली वापरण्याचा माझा मानस आहे’ या विधानावर एक ते पाच यांपैकी कुठे खूण केली याला फारसा अर्थ उरत नाही. २००३ मध्ये व्यंकटेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या तंत्रज्ञान स्वीकृतीच्या एकत्रित प्रतिमानात ‘वापर ऐच्छिक आहे की नाही’ हा मुद्दा मुद्दाम धरलेला आहे, तरीही कितीतरी प्रबंधांत सक्तीच्या प्रणालीला ऐच्छिक प्रणालीचे माप लावलेले दिसते. हे दोष झाकलेले राहत होते तोवर कोणी बोलत नव्हते. शोधगंगेने ते सर्वांपुढे उघडे ठेवले, याचे श्रेय तिला द्यायला हवे.

दुसरी गोष्ट ३८४ या आकड्याची. क्रेज्सी आणि मॉर्गन यांनी १९७० मध्ये नमुन्याच्या आकाराचे एक तयार कोष्टक प्रसिद्ध केले. समष्टी, म्हणजे ज्यांच्याविषयी अभ्यास करायचा तो सगळा समूह, एक हजाराची असेल तर नमुना २७८, दहा हजारांची असेल तर ३७०, आणि दहा लाखांची झाली तरी ३८४. शोधगंगेवर प्रकरण तिसरे उघडत जावे आणि ३८४ हा आकडा किती वेळा भेटतो ते मोजावे. माझ्या एका तुकडीला मी हाच गृहपाठ दिला होता आणि मुलांनी तो मोठ्या आवडीने केला. आकड्यात चूक काही नाही. चूक अशी की ते कोष्टक यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या, नमुन्यासाठी आहे, आणि त्याच प्रकरणाच्या पुढच्या पानावर ‘सोयीनुसार नमुना निवड केली’ असे प्रामाणिकपणे लिहिलेले असते. ओळखीच्या शाखाधिकाऱ्यांकडून भरून घेतलेल्या ३८४ प्रश्नावल्यांना त्या कोष्टकाचा आधार मिळत नाही.

म्हणून निष्कर्षांचे प्रकरण मी शेवटी वाचते, कधी वाचतही नाही. परिशिष्टाची फाइल आधी उघडते. तिथे मूळ प्रश्नावली असते. संशोधकाने काय विचारले, कोणत्या क्रमाने विचारले, मराठीत विचारले की इंग्रजीत, हे तिथे दिसते. संस्थांची यादी असते, कधी मुलाखतींचे प्रश्न असतात, कधी त्या काळातल्या प्रणालीच्या पडद्यांची चित्रे आणि छापील अहवालांचे नमुने असतात. साखर कारखान्यांच्या संगणकीकरणावरच्या प्रबंधात ऊसनोंद, तोडणीचा क्रम, वजनकाट्याची पावती आणि पंधरवड्याचे बिल यांचे नमुने एकामागून एक लावलेले दिसले, तर माहिती शेतातून हिशेबापर्यंत कशी वाहत होती हे कोणत्याही आकृतीपेक्षा स्पष्ट कळते. असे कागद कारखान्याच्या दप्तरातही दहा वर्षांनी मिळतील याची खात्री नसते. व्यवसायांतील माहिती प्रणालींचा इतिहास आपल्याकडे कोणी लिहायला घेतला, तर त्याची साधने निष्कर्षांपेक्षा या परिशिष्टांत अधिक सापडतील. सगळ्याच प्रबंधांना परिशिष्ट जोडलेले नसते, ही खंत आहेच.

माझ्या स्वतःच्या प्रबंधाचेही येथे सांगणे भाग आहे, कारण तोही या भांडारात आहे आणि त्याच साच्यातला आहे. पतसंस्थांतील माहिती प्रणाली हा माझा विषय होता. एका पतसंस्थेत दुपारी तीनच्या सुमारास, पिग्मी एजंट रक्कम भरून गेल्यावर, तिथल्या वयस्क कारकुनांकडून मी प्रश्नावली भरून घेत होते. त्यांनी आधी संगणकावर जमा नोंदवली, मग टेबलाच्या खणातून लाल कापडी पुठ्ठ्याची वही काढून तीच रक्कम पेनने पुन्हा लिहिली, आणि मगच माझा कागद पुढे ओढला. चौदावे विधान होते : ‘ही प्रणाली जलद आणि विश्वासार्ह आहे.’ ते बराच वेळ थांबले आणि म्हणाले, “मॅडम, जलद आहे हो. पण वही बंद करायची माझी हिंमत होत नाही. मग खूण कुठे करू?” शेवटी त्यांनी तीन आणि चार यांच्या मधल्या रेघेवर खूण केली. मी घरी येऊन ती ‘तीन’ म्हणून भरली. एका विधानात दोन प्रश्न कोंबल्याची चूक माझी होती, आणि ती लाल वही, जी माझ्या विषयाचा गाभा होती, प्रबंधात कुठेही आली नाही.

शोधगंगेचा तांत्रिक पाया डीस्पेस या संगणकीय भांडार चालवणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरचा आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे ग्रंथालय आणि एचपी यांनी मिळून ते २००२ मध्ये खुले केले. गंमत अशी की ज्या डेव्हिस यांचे प्रतिमान आमच्या प्रबंधांत पानोपानी भेटते, त्यांचा मूळ प्रबंधही त्याच संस्थेचा आहे आणि तो तिच्या डीस्पेसवर कोणालाही वाचता येतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी तो उघडून पाहायला लावते. दुसऱ्याच्या प्रबंधात तिसऱ्याने दिलेला उतारा वाचून डेव्हिस कळल्याचा समज त्यामुळे थोडा तरी कमी होतो. डीस्पेसमुळे मिळणारा आणखी एक लाभ म्हणजे प्रत्येक नोंदीला मिळणारा कायमचा दुवा. संदर्भसूचीत तो दुवा द्यावा. ब्राउझरच्या पट्टीतला लांबलचक पत्ता उतरवून घेऊ नये.

मराठीतून लिहिलेल्या प्रबंधांची गोष्ट निराळी आहे. वाणिज्य आणि शिक्षणशास्त्र या दोन्ही विषयांत मराठी प्रबंध होतात, आणि शाळांतील संगणक वापर किंवा शिक्षकांचे प्रशिक्षण यांवरचे बरेच जमिनीवरचे निरीक्षण त्यांत असते. परंतु त्यांची शीर्षके कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत नोंदलेली असतात आणि रोमन लिपीतले मराठी कोण कसे लिहील याला नियम नाही. ‘अभ्यास’ हा एकच शब्द दोन-तीन प्रकारे टाकून पाहावा लागतो. त्याहून मोठी अडचण जुन्या फाँटांची. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची सामाईक संगणकीय अक्षरव्यवस्था रुळण्यापूर्वी टंकलेल्या प्रबंधाचे पान पडद्यावर स्वच्छ देवनागरी दिसते, पण त्यातला ‘माहिती’ हा शब्द उचलून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी उमटते, कारण आत साठवलेली अक्षरे मुळात देवनागरी नाहीतच. असा प्रबंध डोळ्यांनी वाचता येतो, पण त्यात शब्द शोधता येत नाही, आणि कोणत्याही यंत्राला तो कळत नाही. छापील प्रतीवरून स्कॅन केलेल्या जुन्या प्रबंधांचेही हेच. हा दोष एकट्या भांडाराचा नव्हे, टंकलेखन केंद्रांपासून विद्यापीठांपर्यंत सर्वांचा त्यात वाटा आहे. तरी मराठी संशोधकाला त्याची किंमत मोजावी लागते हे खरे.

सोबतच्या सेवांपैकी शोधगंगोत्री मला महत्त्वाची वाटते. तिथे चालू संशोधनाचे आराखडे ठेवले जातात, त्यामुळे विषय मंजूर करून घेण्यापूर्वी तो दुसरीकडे कोणी घेतला आहे का हे पाहता येते. वाङ्मयचौर्य तपासण्याची शोधशुद्धी ही सोय २०१९ पासून विद्यापीठांना मिळते. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे मात्र टप्प्याटप्प्याने कारवाई आहे. या टक्केवारीचा एक दुष्परिणाम माझ्या पाहण्यात आहे. विद्यार्थी जुन्या प्रबंधातील परिच्छेद घेऊन त्यातले शब्द बदलत बसतो आणि आकडा खाली आला की निश्चिंत होतो. परिशिष्टातली प्रश्नावली जशीच्या तशी उचलणे मात्र वाङ्मयचौर्य वाटतच नाही, असा एक सार्वत्रिक समज आहे. येथील प्रबंध श्रेयनिर्देश करावा, व्यापारी वापर करू नये आणि पुढची मांडणीही त्याच अटींवर खुली ठेवावी अशा परवान्याखाली आहेत. प्रश्नावली प्रबंधाचाच भाग असल्यामुळे तिलाही हे लागू आहे.

परदेशांतील सेवांशी तुलना करताना एक गोष्ट विसरू नये. तिथला मोठा साठा सशुल्क आहे आणि आमच्यासारख्या महाविद्यालयाला तो परवडत नाही. ब्रिटनमध्ये प्रबंधांसाठी ईथॉस ही ब्रिटिश लायब्ररीची विनाशुल्क सेवा होती, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाल्यानंतर ती दीर्घकाळ बंद पडली. सगळे एकाच ठिकाणी ठेवण्याची सोय आणि धोका दोन्ही त्या प्रसंगात दिसले. विद्यापीठांनी आपल्या प्रबंधांची स्वतंत्र प्रत आपल्या ग्रंथालयाच्या सर्व्हरवर ठेवावी, असे मी आमच्या ग्रंथपालांना तेव्हापासून सांगत आले आहे.

गेल्या वर्षी मराठवाड्यातील एका संशोधक विद्यार्थिनीचा ई-मेल आला. माझ्या प्रबंधाचे परिशिष्ट तिने शोधगंगेवर वाचले होते आणि पतसंस्थांसाठीची ती प्रश्नावली वापरण्याची परवानगी ती मागत होती. असे विचारणारी ती पहिलीच. मी परवानगी कळवली, चौदावे विधान दोन वेगळ्या विधानांत तोडायला सांगितले, आणि खाली एक नवे विधान लिहून पाठवले : ‘संगणकावर नोंद केल्यानंतर मी तीच नोंद वहीतही करतो/करते.’ तिने पाठवलेल्या सुधारित प्रश्नावलीत ते पहिल्या क्रमांकावर आहे.